अडकणारं बोट आणि वहीतले तीन रकाने



गेले तीन महिने माझ्या उजव्या हाताची अनामिका सकाळी मिटलेलीच राहते. दुसऱ्या हाताने सरळ केली की ‘टक्’ होतं आणि कळ येते. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ट्रिगर फिंगर. बोट मिटवणारी दोरी, म्हणजे टेंडन, तळहातातल्या एका कड्यातून सरकते. कडं जाड झालं किंवा टेंडनला गाठ आली की ती अडकते. नेफ्यात गाठीची नाडी अडकावी तशी. बायकांना आणि मधुमेहींना हे जास्त होतं. मी दोन्हीकडे आहे!

बी.कॉम.ची सवय, म्हणून वहीत रकाने आखले.

पहिला, पट्टी आणि विश्रांती. खर्च सगळ्यात कमी, दुखणं नवं असेल तर उपयोगी, पण काही आठवडे धीर धरावा लागतो.

दुसरा, स्टिरॉइडचं इंजेक्शन. निम्म्याहून जास्त लोकांना आराम पडतो. मधुमेहात मात्र गुण कमी येतो आणि काही दिवस साखर वाढते.

तिसरा, शस्त्रक्रिया. बहुधा तेवढ्याच जागी भूल देऊन कडं मोकळं करतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. दुखणं सहसा परत येत नाही. पण जखम जपावी लागते, जंतुसंसर्गाचा आणि क्वचित नस दुखावण्याचा धोका असतो.

हिशेब करताना लक्षात आलं, की स्वस्त दिसणारी विश्रांतीच आपल्याला सगळ्यात महाग पडते. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची, म्हणजे कणीक घाईतच मळायची. विश्रांती औषधाच्या दुकानात मिळत नाही, ती घरातल्या कुणीतरी द्यावी लागते.

डॉक्टरांशी बोलून ठरवलं: रात्री पट्टी, एक इंजेक्शन, आठवडाभर रोज साखर तपासणं. गुण नाही आला तर शस्त्रक्रिया. कणीक सध्या हे मळतात. पोळ्या जाड होतात, पण मी काही बोलत नाही.

तुमचंही बोट अडकत असेल तर साखर तपासून घ्या, आणि ती जास्त असेल तर इंजेक्शनआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा. बोट लाल, गरम होऊन सुजलं किंवा ताप आला, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.