परकी मांडणी

तीस वर्षे इंग्रजी शिकविण्यात घालविलेल्या मनुष्यास इंग्रजी शब्दानेच दगा द्यावा, याहून मोठी नामुष्की ती कोणती? गेल्या पावसाळ्यात आमच्यावर हा प्रसंग गुदरला, आणि तोही 'फॉरिन' या एका साध्या विशेषणामुळे.

आमच्या महाविद्यालयात एक सर्व्हर आहे. विद्यार्थ्यांनी वीस वर्षे खेडोपाडी हिंडून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात साठविल्या आहेत. ज्या आजीबाईंनी त्या गायिल्या, त्यांपैकी कित्येकजणी आज हयात नाहीत. या संग्रहाची दुसरी प्रत काढून ठेवावी, असा ठराव आमच्याच अध्यक्षतेखाली दोनदा एकमताने संमत झाला होता. तो ठराव इतिवृत्तात सुखरूप आहे.

या ओव्या सहा हार्ड डिस्कांवर मिळून राहतात. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या त्रयीने असे प्रतिपादिले की, एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्का एकत्र जुंपाव्यात, आणि एखादी निकामी झाली तरी काम अडू नये अशी तजवीज आधीच करून ठेवावी. यालाच रेड म्हणतात. त्याच्या पाचव्या प्रकारात मजकुराचे तुकडे करून ते डिस्कांवर क्रमाने वाटतात, आणि दर ओळीमागे एक ताळा लिहून ठेवतात. बेरीज हाताशी असली म्हणजे पुसलेला एक आकडा वजाबाकीने काढता येतो. तद्वत एक डिस्क गेली तरी उरलेल्या पाचांवरून तिच्यातील मजकूर पुन्हा सिद्ध होतो. हे वाटप पाहणारा कारभारी म्हणजे कंट्रोलर कार्ड. तुकडा केवढा, डिस्कांचा क्रम कोणता, ताळा कोठे, ही सारी मांडणी तो स्वतःजवळ टिपतो आणि प्रत्येक डिस्कच्या एका कोपऱ्यातही नोंदवून ठेवतो.

विजेच्या लपंडावात हा कारभारीच गतप्राण झाला. नवे कार्ड आले. आम्ही उत्तरपत्रिका तपासीत बसलो असता प्रयोगशाळेतील तरुण साहाय्यकाचा दूरध्वनी आला : "सर, 'फॉरिन कॉन्फिगरेशन' सापडली म्हणतो. 'इंपोर्ट' करू की 'क्लिअर'?"

लाल पेन हातातच ठेवून आम्ही उत्तरलो, "अहो, परकी वस्तू आपल्या यंत्रात हवी कशाला? काढून टाका."

त्याने आज्ञा पाळली, आणि सर्व्हर रिता दिसू लागला.

पुढे उलगडा झाला तो असा. जी मांडणी आपण स्वतः लिहिली नाही, तिला नवे कार्ड परकी म्हणते. नव्या मुनिमाला जुन्या मुनिमाची चोपडी परकी वाटावी, तसेच हे. त्याने चोपडी दाखवून नम्रपणे विचारले होते की, ही स्वीकारू का? आम्ही ती फाडावयास सांगितले होते! ओव्या जागच्या जागी होत्या. पण त्यांची अवस्था दोरी सुटलेल्या, पृष्ठांक नसलेल्या पोथीसारखी झाली होती.

मांडणीची नोंद पूर्वी कोणी काढून ठेवली होती काय? होती. आमच्या निवृत्त साहाय्यकांनी, म्हणजे सर्वांच्या काकांनी, कार्डाच्या सेटिंगांची फाइल काढली होती. ती ठेवली होती त्याच सर्व्हरवर! किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. त्या रात्री आम्हास झोप लागली नाही. मिटल्या डोळ्यांपुढे त्या म्हाताऱ्या बायांचे चेहरे येत, आणि प्रत्येक चेहरा एकच विचारी : "मास्तर, आमचा आवाज कुठं ठेवला?"

सकाळी आम्ही काकांच्या घरी गेलो. त्यांनी शांतपणे चहा पुढे केला आणि म्हणाले, "सर, फाइल काढली त्याच दिवशी ती छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. डिस्कची गोष्ट डिस्कलाच सांगून काय उपयोग?"

कागद पिवळा पडला होता, पण अक्षरे शाबूत होती : प्रकार पाचवा, डिस्का सहा, त्यांचे क्रमांक ओळीने, तुकडा २५६ किलोबाइटांचा. साहाय्यकाने तीच मांडणी त्याच क्रमाने नव्या कार्डास सांगितली. अखेरीस यंत्राने विचारले, 'इनिशियलाइझ' करू का? म्हणजे पाटी पुसून नव्याने आरंभ करू का? येथे होकार दिला असता तर मात्र ओव्याच पुसल्या जाऊ लागल्या असत्या. या वेळी त्याने आमच्याकडे न पाहता काकांकडे पाहिले. काकांनी मान हलविली : नको. प्रथम संग्रह केवळ वाचण्यापुरता उघडला. आणि जात्याच्या घरघरीतून एक कापरा आवाज वर आला. कोणीच काही बोलले नाही.

आता कार्डाच्या सेटिंगांत बदल झाला की त्यांची फाइल त्याच दिवशी काढली जाते. तिची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर, एक कागदावर. शेजारी कार्डाचा नमुना आणि त्यातील फर्मवेअरचा क्रमांक. ओव्यांची स्वतंत्र प्रतही निघाली, ठरावावाचून. कारण सेटिंगांची फाइल ही किल्ली आहे, ठेव नव्हे. डिस्का जळाल्या तर किल्ली घेऊन काय करायचे?

असो. जे आपण मांडले नाही ते परके, ही त्या कार्डाची समजूत. आणि जे परके ते पुसावे, ही आमची. कार्डाने निदान आधी विचारले तरी होते.