चांद्याची समाधि

गेल्या मार्गशीर्षांत नातीला घेऊन नागपुराहून चंद्रपुरास जाण्याचा योग आला. आदल्या रात्रीं तिनें मला घरीं ‘शिराज’ हा जुना मूकपट दाखविला होता. १९२८ सालचा हा ऐतिहासिक बोलपटपूर्व खेळ निरंजन पाल यांच्या नाटकावरून रचिलेला. दिग्दर्शक जर्मनीचे फ्रान्झ ऑस्टेन, निर्माते व नायक हिमांशु राय. शिराज हा कुंभाराचा मुलगा. त्याच्या घरीं वाढलेली बालसखी पुढें मुमताज होते, आणि तिच्या मृत्यूनंतर ताजमहालाची कल्पना त्याचीच ठरते, अशी कथा. इतिहासांतील मुमताज आसफखानाची कन्या. हा कुंभारपुत्र केवळ नाटककाराच्या प्रतिभेचें अपत्य. तरीहि त्याचें निःशब्द दुःख पाहतांना माझे डोळे पाणावले.

दुसऱ्या दिवशीं जटपुरा दरवाज्यानें आम्ही शहरांत शिरलों. याच शहरांत मीं पंचवीस वर्षें अध्यापन केलें. १९६४ पूर्वींचें चांदा हेंच नांव अजून माझ्या तोंडीं येतें. अंचलेश्वराचें दर्शन घेऊन आम्ही शेजारच्या आवारांत गेलों. येथें गोंडराजा बीरशाह याची समाधि आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं त्याचा घात झाला. राणी हिराईनें पतीसाठीं ही वास्तु उभारिली, आणि दत्तक पुत्र रामशाह याच्या नांवें राज्याचा भारहि वाहिला. येथें संगमरवर नाहीं, यमुना नाहीं. साधा दगड आणि जवळून वाहणारी झरपट.

मला कालिदास आठवला. इंदुमतीसाठीं शोक करणारा अज आणि मदनासाठीं विलाप करणारी रति, दोघांचेंहि दुःख त्यानें सारख्याच ममतेनें गाइलें. आपण मात्र एकच बाजू लक्षांत ठेविली.

नात म्हणाली, “आजोबा, तिकडे राजानें राणीसाठीं बांधलें, इथें राणीनें राजासाठीं! तुम्ही वर्गांतल्या मुलांना इथें आणीत होतां ना?”

मला उत्तर देववेना. ताजमहालाचें वर्णन मीं दरवर्षीं रंगवून सांगितलें. शाळेपासून ही समाधि अर्ध्या घटकेच्या वाटेवर, पण एकहि वर्ग येथें आणिला नाहीं. नाटककारास प्रेमासाठीं शिराज कल्पावा लागला. आमच्या दारीं खरी हिराई होती, आणि मास्तरच आंधळा होता.

परततांना नातीनें वहींत समाधीचें चित्र काढिलें. त्याखालीं मीं माझ्या हातानें राणीचें नांव लिहिलें. वाचकहो, महाकालीच्या यात्रेस चांद्यास गेलांत, तर मुलांना घेऊन घटकाभर येथेंहि थांबा.