पथ्य

मराठीत 'पथ्य' हा मोठा मानाचा शब्द आहे. पथ्य पाळणाऱ्याविषयी घरीदारी आदराने बोलले जाते. 'उपास' या शब्दाला तर पुण्याचे वलयच. या दोन शब्दांच्या आडोशाला एखादे दुखणे वर्षानुवर्षे लपून राहू शकते, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो.

चौदाव्या वर्षी आम्हाला टाइप वन मधुमेह झाला. यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. बाहेरून इन्सुलिन घेणे ही मग जगण्याची अटच होऊन बसते. यवतमाळच्या आमच्या घरात त्या दिवसापासून भाकर मोजून वाढली जाऊ लागली. आईच्या काळजीतून आलेली ती मोजणी पुढे आमच्या मनात शिरली आणि तेथे तिचे रूप पालटले. नोकरी लागली तेव्हा आम्ही सोमवार, चतुर्थी, एकादशी करीत होतो. रात्री सगळे निजल्यावर स्वयंपाकघरात उभ्याने डबे रिकामे करीत होतो. आणि त्या अपराधाची शिक्षा म्हणून इन्सुलिन टाळीत होतो. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण थट्टेची खरी, पण आमच्यापुरती तिच्यातली थट्टा संपली होती.

लाज निराळीच. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले, तेथे कापूस पिकवणाऱ्यांच्या मुलांपुढे आम्ही नारायण सुर्व्यांची 'दोन दिवस' शिकवीत असू. भाकरीवर तासभर बोलणारे आम्ही सकाळची भाकर टाकून आलेलो असू. हे सांगायचे कोणाला?

इन्सुलिनच्या इतिहासात एलिझाबेथ ह्यूज भेटते. 1919 साली, अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला. इन्सुलिन तेव्हा नव्हते. उपासमार हाच त्यावरचा उपचार होता. 1922 च्या ऑगस्टमध्ये ती टोरांटोला बँटिंगकडे पोचली तेव्हा तिचे वजन सुमारे 20 किलो होते. इन्सुलिनने ती वाचली आणि 1981 पर्यंत जगली. मात्र हा आजार तिने जवळजवळ आयुष्यभर लपवला. तिच्यापुढे उपासमारीवाचून मार्ग नव्हता. आमच्या फ्रीजमध्ये इन्सुलिन होते आणि आम्ही उपासमार निवडत होतो. 'निवडत होतो' हे क्रियापदही पूर्ण खरे नाही, हे कळायला फार दिवस गेले.

शेवटी एका पहाटे श्वास लागला. इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागते, कीटोन साचून रक्ताची आम्लता वाढते आणि माणूस दगावू शकतो. दवाखान्यात शुद्ध आल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारले, "मॅडम, इन्सुलिन विसरता की टाळता?" इतकी वर्षे सारे आम्हाला विसराळू समजत होते. दोन क्रियापदांतला फरक आम्हाला प्रथमच कोणी विचारला होता. आम्ही 'टाळतो' म्हणालो आणि रडलो.

दारू सोडणाऱ्याला दारूकडे पाठ फिरवता येते. अन्नाकडे कोणालाच पाठ फिरवता येत नाही. आणि मधुमेह असलेल्याला मोजणीकडेही नाही. ज्या आकड्यांनी मन आजारी पडले, तेच आकडे दिवसातून चार-पाच वेळा पाहणे भाग. यावर समुपदेशिकेने सांगितलेला उपाय आम्हा भाषेच्या माणसांना लाज वाटावी इतका साधा होता: आकड्याला विशेषण लावायचे नाही. आमच्या जुन्या वहीत 'वाईट', 'लाजिरवाणे', 'आज शहाण्यासारखे' अशी विशेषणांची गर्दी होती. आता तेथे एवढेच असते: '240. दुपार. इन्सुलिन घेतले.'

पूर्ण बरे झालो असे म्हणवत नाही. परीक्षांच्या दिवसांत जुनी खोड डोके वर काढते. तेव्हा घरात सांगतो. उपास मात्र सोडले आहेत.

असो. गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला धाकट्या जाऊबाई पुरणपोळी घेऊन आमच्या पानापाशी थबकल्या. "ताई, तुमचं तर पथ्य असते न?" आम्ही पिशवीतून इन्सुलिनचे पेन काढले, पंगतीतच टोचून घेतले आणि म्हणालो, "हेच पथ्य. वाढ."

ती पोळी आम्ही बसून, सर्वांदेखत, संपवली.