जोपा आणि आमचं गाव

पेनसिल्व्हेनियाच्या अगदी मधोमध, डोंगरांच्या खोलगटात स्टेट कॉलेज नावाचं गाव आहे. नावातच कॉलेज, त्यावरून बाकीचं ओळखावं. १९७९ साली नवऱ्याच्या पीएच.डी.च्या निमित्ताने आम्ही तिथे उतरलो, आणि चार वर्षांसाठी आलेले आम्ही तीस-पस्तीस वर्षं तिथलेच होऊन राहिलो. मुलगी तिथेच जन्मली, तिथेच शिकली. मी विद्यापीठाच्या लायब्ररीत कामाला लागले.

किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरांत राहणाऱ्या आपल्या मंडळींना कॉलेज फुटबॉल हे काय प्रकरण आहे याची पुरती कल्पना येत नाही. बीव्हर स्टेडियममध्ये २००१च्या विस्तारानंतर लाखाहून जास्त माणसं बसायला लागली. गावाची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. घरच्या सामन्याच्या शनिवारी पंढरीच्या वाटेवर असावी तशी गर्दी, फक्त पताका निळ्या-पांढऱ्या. आम्ही मराठी विद्यार्थी-कुटुंबं पार्किंगच्या गवतावर स्टोव्ह मांडून बटाटेवडे तळायचो आणि शेजारच्या गाड्यांमधले गोरे आजोबा वासावर यायचे. खेळ कळायला मला तीन मोसम लागले. पॅटर्नो कोण, हे मात्र पहिल्या आठवड्यातच कळलं.

जो पॅटर्नो ब्रुकलिनचे. ब्राउन विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकलेले, व्हर्जिलचं 'इनीड' आवडीने वाचणारे. १९५० साली सहायक म्हणून पेन स्टेटला आले, १९६६ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०११पर्यंत तिथेच राहिले. १९८२ आणि १९८६ असे दोन मोसम त्यांचा संघ देशात पहिला आला. सारं गाव त्यांना 'जो' किंवा 'जोपा' म्हणायचं. मला मेलीला अहो-जाहोच जमलं. जाड काचांचा चष्मा, वर गुंडाळलेली पँट, काळे बूट. खेळाडूंच्या पाठीवर नाव नाही, कारण संघ मोठा, माणूस नव्हे. व्यावसायिक संघाने भरपूर पैसा देऊ केला तो त्यांनी नाकारला. घर साधं, नंबरात फोन. निक्सनने १९६९मध्ये पेन स्टेट अपराजित असताना टेक्सासला परस्पर अव्वल ठरवलं होतं. १९७३च्या पदवीदान समारंभात पॅटर्नोंनी त्याची परतफेड केली: फुटबॉलमधलं एवढं कळणाऱ्या माणसाला वॉटरगेटमधलं एवढं कमी कसं कळतं, असं विचारून. आम्ही यायच्या आधीची गोष्ट, पण गावात ती कालच घडल्यासारखी सांगत.

आम्हा मराठी घरांना हा माणूस आपला वाटायचा तो मात्र फुटबॉलमुळे नाही. त्यांच्या खेळाडूंना वर्गात बसावं लागायचं, पदवी घ्यावी लागायची. आणि १९८३च्या जानेवारीत, पहिलं विजेतेपद नुकतंच मिळालेलं असताना, विश्वस्तांसमोर उभं राहून ते मैदानाबद्दल नाही तर लायब्ररीबद्दल बोलले: चांगली लायब्ररी नसेल तर विद्यापीठ कसलं? पुढे पती-पत्नींनी विद्यापीठाला चाळीस लाख डॉलर्सहून अधिक दिले, इतरांकडून कितीतरी जास्त गोळा केले. २०००मध्ये लायब्ररीची नवी इमारत उघडली तिला त्यांचं नाव दिलं गेलं. त्या इमारतीत मी बारा वर्षं काम केलं. फुटबॉलच्या प्रशिक्षकाच्या नावाची लायब्ररी! भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी ती मुद्दाम दाखवायचे.

५ नोव्हेंबर २०११ला जेरी सँडस्कीला अटक झाली. तीसेक वर्षं पॅटर्नोंच्या हाताखाली काम करून १९९९मध्ये निवृत्त झालेला हा माणूस. गरजू मुलांसाठी त्याने १९७७मध्ये संस्था काढली होती, आणि त्याच संस्थेतून तो आपली सावजं निवडत होता. पुढच्या जूनमध्ये ज्युरीने त्याला ४५ आरोपांत दोषी ठरवलं. मुलं दहा.

पॅटर्नोंचा संबंध असा. २००१मध्ये एका तरुण सहायकाने रात्री संघाच्या इमारतीतल्या शॉवरमध्ये सँडस्कीला एका लहान मुलाबरोबर पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पॅटर्नोंच्या घरी गेला आणि जे सांगायचं ते सांगितलं. पॅटर्नोंनी ते क्रीडा संचालकांच्या कानावर घातलं. ग्रँड ज्युरीपुढच्या साक्षीत ते म्हणाले की एरवी लगेच कळवलं असतं, पण शनिवारची सकाळ होती, लोकांच्या सुट्टीत व्यत्यय आणायचा नव्हता. पोलिसांना कोणीच कळवलं नाही. सँडस्कीकडे इमारतीच्या किल्ल्या राहिल्या.

९ नोव्हेंबरच्या रात्री विश्वस्तांनी फोनवरून पॅटर्नोंना काढलं. हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले, टीव्हीची व्हॅन उलटवली. आमच्या घरातली दिवाळी संपून दहा-बारा दिवसच झाले होते, फराळाचे डबे टेबलावर होते, आणि त्या टेबलाशी नवरा आणि मुलगी यांचं जे भांडण झालं ते मी कधी विसरणार नाही. नवरा म्हणत होता, "त्यांनी वर कळवलं ना? अजून काय करायचं होतं? आयुष्यभराचं काम एका रात्रीत पुसायचं?" मुलगी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. ती म्हणाली, "बाबा, ४०९ विजय तुम्हाला पाठ आहेत. त्या मुलांना कोर्टाच्या कागदावर नावही नाही. व्हिक्टिम वन, व्हिक्टिम टू. त्यांचा आकडा विचारा ना कोणीतरी."

पॅटर्नो त्या २२ जानेवारीला फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. मग आमच्या गावात एकेक गोष्ट खाली उतरत गेली. जुलैमध्ये एफबीआयचे माजी प्रमुख लुई फ्री यांचा अहवाल आला: पॅटर्नोंसह चौघांनी प्रकरण दडवलं, असा निष्कर्ष. कुटुंबाने तो खोडून काढणारा आपला अहवाल काढला. रविवारी सकाळी स्टेडियमबाहेरचा सातफुटी पुतळा हलवला. दुसऱ्याच दिवशी एन.सी.ए.ए.ने ६ कोटी डॉलर्सचा दंड ठोकला आणि १९९८पासूनचे पॅटर्नोंचे १११ विजय खोडले. २०१५मध्ये तडजोडीत ते परत दिले. खोडायचे आणि परत लिहायचे, हा मला दोन्ही वेळा पोरकटपणा वाटला. ते सामने वीस-वीस वर्षांच्या पोरांनी चिखलात खेळून जिंकले होते. त्यांचा यात काय संबंध?

एका बैठकीत आमच्यातल्या कोणीतरी भीष्माचा दाखला दिलाच. तो मला पुरता पटला नाही. भीष्म सभेत बसून डोळ्यांनी पाहत होते. पॅटर्नोंनी ऐकलं, आणि ऐकलेलं पुढे सांगितलंही. कायद्याने त्यांच्यावर काही आलं नाही. मला अडकवतो तो आपला साधा मराठी वाक्प्रचार: 'साहेबांच्या कानावर घातलंय.' सरकारी कचेरीत अर्धं आयुष्य काढलेल्या माझ्या वडिलांच्या तोंडी तो रोज असायचा. कानावर घातलं की आपले हात मोकळे. पण ज्याच्या वर साहेब आहे त्याने तो वापरावा. २००४मध्ये संघ सारखा हरत असताना विद्यापीठाचे अध्यक्ष आणि क्रीडा संचालक पॅटर्नोंच्या घरी गेले होते, निवृत्त व्हा असं सुचवायला. पॅटर्नोंनी नाही म्हटलं, आणि ते परत गेले. त्यानंतर सात वर्षं ते पदावर होते. ज्याला त्याचे साहेब घरी पाठवू शकत नाहीत, त्याने 'मी वर कळवलं' म्हणण्याला काय अर्थ उरतो? त्या गावात त्यांच्या वर कोणी नव्हतंच. एक फोन, एकदाच, पुन्हा विचारलं असतं, "त्या मुलाचं काय झालं? कोण होता तो?" तर कोणाची टाळायची हिंमत होती? जास्त काही करायला हवं होतं, हे शेवटी त्यांनीही म्हटलं. माझ्यासाठी ते वाक्य कोणत्याही अहवालापेक्षा जड आहे.

तरी लायब्ररीवरचं नाव काढा, असं मी म्हणणार नाही. ती लायब्ररी खोटी नाही. रात्री दोनला तिथे अभ्यास करणारी पोरं मी पाहिली आहेत. पुतळ्याचं वेगळं. पुतळा माणसाकडे मान वर करून बघायला लावतो, आणि तसं बघण्यानेच तर सगळं झालं. तो जिथे कुठे ठेवला आहे तिथेच बरा. नवऱ्याला हे अजूनही मान्य नाही. दर शरद ऋतूत हा विषय आमच्याकडे एकदा निघतो आणि कोणीतरी चहा टाकायला उठतं.

या प्रकरणातून एक गोष्ट मात्र राज्याने केली. २०१४मध्ये कायदे बदलले. शिक्षक, डॉक्टर, नर्स यांना आता नुसतं वरिष्ठांना सांगून चालत नाही. आधी स्वतः राज्याच्या यंत्रणेला कळवायचं, मग वरिष्ठांना. मुलांबरोबर नेमाने काम करणाऱ्या स्वयंसेवकांनाही पोलिसांचा आणि बालसंरक्षण खात्याचा दाखला लागतो, आणि तो दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो.

आता आम्ही मुलीजवळ राहतो आणि मी मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेचे कागद सांभाळते. दाखल्यांचा नियम आला तेव्हा फारशी कुरकुर झाली नाही, एक काका सोडून. शाळा त्यांनीच सुरू केलेली. अर्ध्या मंडळाची मुलं त्यांच्या हाताखाली 'शुभं करोति' शिकली. फॉर्म दिला तर त्यांचा चेहरा पडला.

"वहिनी, वीस वर्षं मी इथे शिकवतोय. आता माझा पोलीस दाखला मागणार तुम्ही?"

"काका, तुमचाच सगळ्यात आधी मागतेय. तुम्ही दिलात की बाकी कोणाला नाही म्हणता येणार नाही."

ते काही बोलले नाहीत. दोन रविवार शाळेत आले नाहीत. मंडळाच्या अध्यक्षांचा मला फोन आला, काकांचं जरा बघा म्हणून. मी म्हटलं, बघायचं काय, फॉर्म दोन पानांचा आहे. तिसऱ्या रविवारी काका मुलांच्या आधी येऊन बसले होते. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दोन्ही दाखले, आणि वरच्या कोपऱ्यात त्यांच्या शिक्षकी वळणदार अक्षरात, पाच वर्षांनी पुन्हा कधी काढायचे ती तारीख.