पदरमोड

त्र्यंबकेश्वरात पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कुठले? आडनाव काय?" गाव सांगितलं की गल्लीतलं कुणीतरी नेमकं दार दाखवतं. तिथे आपल्या मुलुखाचे तीर्थोपाध्याय असतात आणि त्यांच्या कपाटात जुन्या वह्या असतात. आपले पणजोबा कधी आले, सोबत कोण होतं, हे आपल्याला ठाऊक नसतं. वहीला ठाऊक असतं. पुढचा प्रश्न गोत्राचा. ते माहीत नसलं तरी अडत नाही. गुरुजी वरही न बघता म्हणतात, "काश्यप म्हणा." ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप. धर्मशास्त्रातली ही पळवाट मला फार माणुसकीची वाटते.

त्या वर्षी मी पौष वद्य एकादशीला, निवृत्तिनाथांच्या यात्रेला गेलो होतो. दिंड्यांची रीघ लागलेली, थंडी मी म्हणत होती, आणि ब्रह्मगिरीच्या अंगावरून उतरलेलं धुकं अजून गावातच रेंगाळत होतं. पोथ्यामाळांच्या एका दुकानापाशी गर्दीच्या रेट्यानेच थांबलो. हरिपाठ, नवनाथ भक्तिसार, शिवलीलामृत, तुळशीच्या माळा, अष्टगंध. हरिपाठ आणि नवनाथांच्या मधे एक सडपातळ पुस्तक उभं होतं, पाव्हण्यांच्या पंगतीत चुकून बसलेल्या पोरासारखं. 'कथासंग्रह' एवढंच वाचता आलं.

"हे कसलं?"

"एक मास्तर ठेवून गेलेत. गेलं तर गेलं." दुकानदार उदबत्तीचे पुडे लावत होता. "ऐंशी रुपये लिहिलंय, साठ द्या."

मी पुस्तक हातात घेतलं आणि नकळत तेच केलं जे गुरुजी करतात. गोत्र विचारलं. प्रकाशक कोण? प्रस्तावना कुणाची? पाठीमागे कुणा मान्यवराचे चार शब्द? पुरस्कार? काहीच नव्हतं. आतल्या पानावर 'प्रकाशिका : सौ.' आणि पुढे लेखकाचंच आडनाव. खाली त्याच घराचा पत्ता. काश्यप गोत्री पुस्तक.

मराठीत अशी पुस्तकं काही कमी नाहीत. शिक्षक, तलाठी, एसटीतले वाहक, पोस्टमास्तर निवृत्तीच्या पैशातून पाचशे प्रती छापतात आणि प्रकाशिका म्हणून बायकोचं नाव घालतात. याला आपल्याकडे शब्द आहे : पदरमोड. मग ती पुस्तकं साहित्य संमेलनाच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत, जिल्हा वाचनालयाच्या पायरीवर हातोहात वाटली जातात. हातोहात खपत नाहीत, वाटली जातात. माझ्याही कपाटात वरच्या फळीवर 'सप्रेम भेट' लिहिलेली अशी आठ-दहा आहेत. त्यातल्या एका लेखकाने मला गाठून "वाचलं का?" विचारलं तेव्हा मी "हो, छान झालंय" म्हणालो होतो. "कुठली गोष्ट आवडली?" असं त्याने विचारलं नाही. बिचाऱ्याने मला वाचवलं.

हा गोत्र विचारण्याचा खोडसाळपणा किती जुना! बाबुराव बागुल हे नाशिकजवळच्या विहितगावचे. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३ साली आला. त्यातल्या त्याच नावाच्या कथेत नोकरीसाठी परगावी गेलेल्या माणसाला खोली मिळते ती जात लपवल्यावर. पुस्तकाला गोत्र विचारणं आणि माणसाला जात विचारणं एका तोलाचं नाही, हे मला कळतं. तरी सवय एकाच कुळीची : आत काय आहे ते पाहण्याआधी उंबऱ्यावर चौकशी.

आणि कधीकधी मोठं नावच उंबऱ्यात आडवं येतं. जयंत नारळीकर केंब्रिजहून नाव कमावून परतले होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण स्वतःच्या नावाने नाही. नारायण विनायक जगताप या नावाने. आपलीच आद्याक्षरं उलटी फिरवून. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून हस्तलिखित पत्नी मंगलाताईंच्या हातचं. पहिलं बक्षीस त्या जगतापांना मिळालं. पुढे २०२१ साली नाशिकला साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष नारळीकरच होते. मला मात्र त्या मांडवात आठवण आली ती जगतापांची, कुणाचेच कुणी नसलेल्या त्या कथालेखकाची.

साठ रुपये देऊन पुस्तक घेतलं आणि कुशावर्ताकडून स्टँडवर आलो. गावातून जाणारी गोदावरी बरीचशी सिमेंटच्या स्लॅबखालून वाहते. आपण नदीवरून चालतोय हे नवख्याला कळतही नाही. एसटीत खिडकीची जागा मिळाली. पुस्तक मधेच उघडलं. सातवी गोष्ट, अडीच पानांची.

त्र्यंबकला नारायण नागबळीचा विधी तीन दिवस चालतो. त्यासाठी नवं पांढरं धोतर, नवी पांढरी साडी नेसायची आणि विधी संपला की ती इथेच सोडून जायची. गोष्टीतली बाई ही सोडलेली लुगडी धुण्याचं काम करते. एका साडीच्या पदराला तिला गाठ सापडते. ओल्या सुताची गाठ, बोटांनी सुटत नाही, ती दातांनी सोडवते. आत एक छोटी किल्ली. पेटीची असेल, कपाटाची असेल. कुणाच्या घरात आज काय उघडत नसेल, या विचाराने बाई अस्वस्थ होते. पांढऱ्या साड्या सगळ्या सारख्याच, कुणाची म्हणून विचारणार? ती किल्ली आपल्या पदरात बांधते. पुढे तीन दिवस, मग तीन महिने, कुणीतरी परत येईल म्हणून स्टँडवर उतरणाऱ्या बायकांचे चेहरे बघत राहते. शेवटी एका रात्री ती किल्ली हातात घेऊन घरभर फिरते. तिच्या घरात एकही कुलूप नसतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मास्तरांनी आणखी एक वाक्य घातलं होतं : गरिबाच्या घराला कुठलं आलंय कुलूप! मी खिशातली पेन्सिल काढून त्या वाक्याला हलकासा कंस केला. छपाईत ऱ्हस्वदीर्घाचा गोंधळ होता, एका जागी 'किल्ली'चं 'किल्ला' झालं होतं. पण दातांनी सोडवलेली ती गाठ! मोठमोठ्या अंकांतल्या गुळगुळीत कथा वाचताना असं दाताखाली काही येत नाही. अंजनेरी कधी मागे पडली ते समजलं नाही.

पदरमोड म्हटली की आठवतात दादासाहेब फाळके. तेही याच त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० सालचा. विम्याची पॉलिसी गहाण टाकून, बायकोचे दागिने मोडून माणूस सिनेमा काढायला निघाला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला भोकं पाडत बसल्या त्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या त्याही, आणि सगळ्या कंपनीचा स्वयंपाकही त्यांच्याच अंगावर. आपण अशा माणसांना 'स्वतंत्र' म्हणतो. बाहेरच्या कुणाचा टेकू नाही म्हणून स्वतंत्र. पण पदरमोड या शब्दात मोडला जाणारा पदर कुणाचा, हे विचारायचं राहून जातं.

घरी आलो तरी गोष्ट डोक्यातून जाईना. पुस्तकाच्या शेवटी फोन नंबर होता. आयुष्यात पहिल्यांदा मी 'सप्रेम भेट' न देणाऱ्या लेखकाला आपणहून फोन केला. पलीकडे बाईंचा आवाज.

"हे झोपलेत जरा. काय काम होतं?"

"पुस्तक वाचलं. त्याबद्दल बोलायचं होतं."

क्षणभर शांतता. मग अगदी शाळेतल्यासारखा प्रश्न : "कितवी वाचली?"

"सातवी."

"किल्लीची." आवाज सैल झाला. "त्यात गाठ आहे ना, ती माझी. यांनी कागदाची पुडी लिहिली होती. मी म्हटलं, बाई माणूस पुडी कशाला करेल? पदराला बांधेल. सगळ्या गोष्टी मीच उतरवून काढल्यात, यांचं अक्षर कंपोझिंगवाल्याला लागत नव्हतं."

मला उगाच धीर आला. म्हटलं, "एक सांगू? शेवटचं वाक्य नसतं तरी..."

"तेच! तेच मी म्हणाले होते, काढा म्हणून. नाही ऐकलं." फोनमधून स्पष्ट ऐकू येईल असा सुस्कारा. "आता उठले की सांगते, नाशिकहून फोन आला होता, बाहेरच्या माणसालाही तेच वाटलं."

मी हसलो, त्याही हसल्या. पाचशे प्रतींतल्या किती गेल्या ते मी विचारलं नाही. फोन ठेवायच्या बेतात होतो तेवढ्यात त्यांनी विचारलं, "चौदावी वाचली का?"

माझ्या तोंडाशी आलेलं "हो, छान झालीय" मी गिळलं.

"नाही अजून."

"मग वाचा आणि मग करा फोन. दुपारी चारच्या आधी करा. तेव्हा हे झोपलेले असतात, मोकळं बोलता येतं."

पुस्तक पुन्हा उघडलं. चौदावी गोष्ट शेवटची होती, पाऊण पानाची. पेन्सिल हाताशी घेतली आणि वाचायला बसलो.