जाळे कुरतडणारे मित्र

दूरदर्शनची एकच वाहिनी घरोघरी पाहिली जात असे, त्या काळात लहानाच्या मोठ्या झालेल्या पिढीला ‘एक अनेक और एकता’ हा छोटा अ‍ॅनिमेशनपट ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांची ही निर्मिती. चित्रांना गती दिली भीमसेन यांनी, संगीत वसंत देसाई यांचे, आणि त्यातील गोड बालस्वर पुढे प्रख्यात झालेल्या साधना सरगम यांचा. फिल्म्स डिव्हिजनने १९७४ मध्ये तो प्रकाशित केला. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला लाभला. सारा खेळ जेमतेम सात मिनिटांचा.

कथा साधी आहे. धाकटा भाऊ ताईला विचारतो, ‘अनेक’ म्हणजे काय? ताई रागावत नाही, घाई करीत नाही. सूर्य, चंद्र, तारे, खार, फुलपाखरे दाखवीत ती त्याला समजावते आणि मग चिमण्यांची गोष्ट सांगते. दाण्याच्या मोहाने चिमण्या जाळ्यात अडकतात, घाबरतात, आणि अखेर एकजुटीने जाळ्यासकट उडतात. दूरवर त्यांचे मित्र उंदीर राहत असतात. ते जाळे कुरतडून त्यांना मोकळे करतात. गोष्ट ऐकून मुलेही युक्ती करून झाडावरचे फळ मिळून काढतात.

आमच्या निगडी-प्राधिकरण परिसरात मारवाडातून, नगर जिल्ह्यातून आलेली आपली कितीतरी कुटुंबे आहेत. दुकाने भावाभावांच्या सामायिक नावावर चाललेली. त्यामुळे समाजाच्या सभेत एकीवर बोलायचे झाले की वक्त्याला या चिमण्या हमखास आठवतात. उंदरांची आठवण मात्र कोणी काढीत नाही. मागील चातुर्मासात माझ्या सहा वर्षांच्या नातीला मी हा चित्रपट दाखविला. ती व्यापाऱ्याच्याच घरातली. तिने विचारले, “दादाजी, उंदरांना काय मिळालं?”

प्रश्न मोठा मार्मिक होता. एकीने जाळे उचलले जाते, पण तुटत नाही. एकत्र उडणाऱ्या चिमण्या जाळ्यातच होत्या. त्यांना सोडविले ते दुसऱ्या जातीच्या, त्यांच्याहून निराळे जीवन जगणाऱ्या लहानशा जिवांनी. चित्रपटात त्याचा मोबदला कुठेच दिसत नाही.

ही कथा मूळची पंचतंत्रातली, आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे पंचतंत्राची एक प्रसिद्ध संस्कृत आवृत्ती जैन मुनी पूर्णभद्र यांनी इ. स. ११९९ मध्ये सोम नावाच्या मंत्र्याच्या विनंतीवरून सिद्ध केली. तेथे चिमण्यांऐवजी कबुतरे आहेत. त्यांचा राजा चित्रग्रीव आपल्या मित्राकडे, हिरण्यक नावाच्या उंदराकडे जातो. हिरण्यक आधी राजाचेच बंध तोडू लागतो, तेव्हा चित्रग्रीव त्याला थांबवितो. आधी माझ्या सोबत्यांना सोडव, असे तो सांगतो. माझे बंध तोडताना तुझे दात दुखू लागले किंवा तेवढ्यात शिकारी आला, तर यांचे काय होईल, ही त्याची काळजी. हिरण्यक आनंदून म्हणतो की हा राजधर्म मला ठाऊक होता, मी केवळ तुझी परीक्षा पाहत होतो.

सात मिनिटांच्या बालचित्रपटात हा प्रसंग आलेला नाही. तथापि मला तो कथेचा गाभा वाटतो. जाळे सर्वांवर पडले असताना कोणाची गाठ आधी सुटावी, हे ठरविण्याची वेळ प्रत्येक एकत्र कुटुंबावर कधी ना कधी येते.

आमच्यावर ती २०२० मध्ये आली. मार्चअखेरीस टाळेबंदी झाली, चाकण-भोसरीचे कारखाने थांबले आणि नट-बोल्टच्या आमच्या दुकानाची येणी जागच्या जागी गोठली. मोठ्या बंधूंनी एका रात्री वहीच्या कोऱ्या पानावर यादी केली. पहिली ओळ दुकानातील चार कामगारांच्या पगाराची. दुसरी धाकट्या भावाच्या घराच्या हप्त्याची. मग माझ्या मुलाची फी, मग पुरवठादार. स्वतःचे नाव त्यांनी शेवटी लिहिले, आणि त्यापुढे रक्कम लिहिलीच नाही. भाभींनी ते पान पाहिले व काही न बोलता वही मिटून ठेवली. त्या काळात भावाभावांत हिशेब मागण्याची वेळ आली असती, तर दुकान टिकले नसते, असे मला आजही वाटते.

आणि उंदीरही आला! तळवड्यात दोन लेथ चालविणारे आमचे एक जुने गिऱ्हाईक जूनमध्ये मोपेडवरून दुकानी आले. त्यांचे स्वतःचे काम बंदच होते. उधारीपैकी जमतील तेवढे पैसे त्यांनी रुमालातून काढून ठेवले. मोठे बंधू म्हणाले, “अहो, मी मागितले नव्हते. तुमचीच अडचण असेल.” ते म्हणाले, “शेठ, अडचण दोघांची आहे. तुमच्याकडं चार पोरं कामाला आहेत, माझ्याकडं दोनच.” त्या रकमेत दोन कामगारांचा महिन्याचा पगार निघाला.

तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात जीवांच्या परस्पर साहाय्याविषयी जे सूत्र आहे, ते भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी स्वीकारलेल्या आपल्या जैन प्रतीकाखाली शोभते. तो महोत्सव १९७४ च्या दिवाळीत सुरू झाला, म्हणजे हा चित्रपट आला त्याच वर्षी. हे सूत्र आज्ञार्थी नाही. धर्मद्रव्य गतीस साहाय्यभूत होते, आकाश अवकाश देते, तसे एकमेकांस उपकारक होणे हे जीवाचे कार्यच आहे, असे आचार्य सांगतात. म्हणूनच तेथे ‘साधर्मिकांचे’ असे न म्हणता ‘जीवांचे’ म्हटले आहे. तळवड्याच्या त्या लेथवाल्यांनी हे सूत्र वाचलेले नसावे.

नातीला मी उत्तर दिले, “उंदरांना काही मिळालं नाही, बेटा. त्यांचे मित्र सुटले.” ती थोडा वेळ विचारात पडली आणि म्हणाली, “मग ते पुरे आहे.”

पर्युषणात घरातील सारे एकत्र बसतात, तेव्हा हा चित्रपट मुलांसोबत अवश्य पाहावा. नंतर चिमण्यांच्या एकीबरोबरच त्यांना उंदरांविषयीही विचारावे, आणि आपल्या घरासाठी कोणी कोणी कधी जाळे कुरतडले, त्यांची नावे वडीलधाऱ्यांनी मुलांना सांगावीत. ती नावे कोणत्याही खतावणीत लिहिलेली नसतात.