निवटीचा बांध

कुवेत, शुक्रवार

तीर्थरूप आत्यास,


आज सुट्टी होती, म्हणून ओहोटीची वेळ बघून सुलेबिखातच्या किनाऱ्यावर जाऊन आलो. नजर पोचेल तिथवर गाळच गाळ. आणि त्यात कोण असावं? निवट्या! आपल्या खाडीत मिळते तीच या चिखलातल्या माशाची जात. इथे त्यांना कुणी खात नाही, म्हणजे निदान माझ्या ओळखीतलं तरी कुणी नाही. राख लावून चोळलेल्या निवट्यांचं तुझं कालवण आठवलं आणि उगाच भूक लागली.

तू हसशील, पण इथल्या निवट्या खाचरं करतात. तोंडात चिखल धरायचा, बिळापासून थोडं लांब नेऊन थापायचा, परत फिरायचं. असं करत करत सगळीकडून बांध. दोघींच्या मध्ये बांध एकच, त्यामुळे पाच-सहा कोनांची खाचरं एकमेकांना चिकटलेली दिसतात. ओहोटीला बाकीचा गाळ उन्हात सुकतो, पण बांधाच्या आत पाणी टिकतं. त्या ओलाव्यात डायटम धरतात. हे शेवाळ इतकं बारीक की एकेकटं डोळ्याला दिसत नाही. लाखोंनी जमलं की चिखलावर तांबूस साय येते. निवटी मान डावी-उजवीकडे हलवत ती साय खरवडून खाते. 1980 च्या दशकात डेव्हिड क्लेटन नावाच्या अभ्यासकाने इथेच काही बांध पाडून पाहिले, तर शेजाऱ्यांची भांडणं वाढली. बांधावरून भांडणं होतात हे खारेपाटातल्या माणसाला सांगायला अभ्यासक कशाला हवा?

खरं तर पत्र लिहायला बसलो ते तुझ्या एका ओरडण्यामुळे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. खाडीच्या बांधातल्या उघाडीच्या पलीकडे तुझ्यामागून चालताना गुडघ्यापर्यंत रुतलो होतो. "चकाकतंय तिथं पाय टाकू नको, तांबड्या उंचवट्यावरनं ये!" म्हणालीस. तेव्हा वाटलं, चिखल तो चिखल, त्यात उंच काय नि सखल काय.

पण आता वाचलं, नेदरलँड्समध्ये वेस्टरशेल्ड नावाची खाडी आहे. तिथल्या गाळावर वसंतात असेच उंचवटे आणि खळगे ओळीने उठतात. त्यांचा अभ्यास 2010 साली छापून आला. उंचवट्यावरचं पाणी निथळतं, म्हणून तिथे डायटम टिकतात. ते चिकट द्रव सोडतात, त्याने गाळाचे कण बांधले जातात आणि लाटेला तो उंचवटा सहज खरवडता येत नाही. खळग्यात पाणी साचून गाळ सैल राहतो. तिथे साय धरतच नाही. म्हणजे तुझा तांबडा उंचवटा घट्ट का, याचं उत्तर त्या सायीत असावं. पुढे उन्हाळा चढला की गाळातले किडे आणि बारीक गोगलगाई ती साय खाऊन फस्त करतात आणि उंचवटे बसतात. आपल्याकडे बांधाला खांड जाते तसंच; फक्त तिथे पोखरणारे तोंडाने फार बारीक.

गंमत बघ, तिकडे साय उंचावर आणि इथे खाचरात. इथलं ऊन इतकं कडक की निवटीला पाणी अडवावंच लागतं. फरक दोन-चार बोटांच्या उंचीचा, पण कोण जगणार ते त्यावर ठरतं. हिरव्या केसाळ शेवाळाचं आणखी वेगळं. त्याला धरायला काहीतरी टणक लागतं. आज सगळ्या गाळात ते मला एकाच ठिकाणी दिसलं, अर्ध्या रुतलेल्या शिंपल्यावर. त्याच्या सावलीला नखाएवढा खेकडा बसला होता.

आता एक काम सांगतो. आपल्याकडच्या निवट्यांची मला नुसती बिळं आठवतात, बांध आठवत नाहीत. तेव्हा मी नीट बघितलंच नसेल. मोठ्या ओहोटीला उघाडीवर गेलीस की खाली उतरू नकोस, गुडघे दुखतील. बांधावर उभी राहून बघ आणि फोनवर सांग.

तुझा,
बाळू